पोपड्याची मागची बाजू

गॅरेजच्या जमिनीवरून सुटलेला तळहाताएवढा एक पोपडा मी कितीतरी दिवस खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता. वरून राखाडी, तुळतुळीत, कालच लावल्यासारखा. पाच महिन्यांपूर्वी मी स्वतः गुडघ्यांवर बसून लावलेलं इपॉक्सी होतं ते, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळल्यावर घट्ट होणारं कोटिंग. एका सकाळी गाडी बाहेर काढली आणि पुढच्या डाव्या चाकाखालचा तुकडा चाकालाच चिकटून उचलला गेला. मग उजव्या चाकाखालचा. आठवड्याभरात चारही चाकांच्या जागी चार उघडे डाग दिसायला लागले. त्यांच्या कडेत नख घातलं की पुढचा पापुद्रा अलगद सुटायचा. मी रोज जाता-येता वाकून नख घालायचे. घालू नये हे कळत होतं, तरी हात जायचा.

माल खराब निघाला, असं मी धरून चालले होते. शेजारच्या काकांनाही मी तसंच सांगितलं. काकांची सगळी नोकरी कारखान्यांच्या जमिनींवर कोटिंग करण्यात गेली आहे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कुठेही गेले तरी आधी खाली बघतात. त्यांनी पोपडा हातात घेतला, वरची बाजू पाहिलीही नाही, सरळ उलटा केला.

"इथं बोट फिरव."

मी फिरवलं. बोटाला खडूसारखी पांढुरकी भुकटी लागली.

"हे सिमेंट आहे. तुझ्या कोटिंगनं धरलंय, अगदी घट्ट धरलंय. त्यानं ज्याला धरलं, तेच जमिनीला धरून नव्हतं."

एवढंच बोलून काका गेले. मी मात्र तो पोपडा हातात घेऊन तिथंच बसले. पाच महिने मी वरच्या बाजूकडे बघत होते. काय बिघडलं ते सगळं मागच्या बाजूला लिहिलेलं होतं.

काँक्रीट ओतलं की त्यातलं जड ते खाली बसतं आणि पाणी वर येतं. येताना सिमेंटचे अगदी बारीक कण आणि वाळूतली माती सोबत घेऊन येतं. ते पाणी जिरायच्या आत थापी फिरवली, किंवा थापी सहज फिरावी म्हणून वरून आणखी पाणी शिंपडलं, की हा थर वाढतो. वाळल्यावर तो सगळ्यात गुळगुळीत दिसतो आणि ताकदीला सगळ्यात कमी असतो. काका त्याला साय म्हणतात. त्या सायीवर मी इपॉक्सी लावलं होतं. चालण्याला, झाडण्याला, सायकलीला ते पुरून उरलं. पण लांबून आलेल्या गाडीचा टायर तापलेला असतो. तापलेलं रबर मऊ होऊन जमिनीला चिकटतं आणि थंड होताना आक्रसतं, ज्याला चिकटलं त्यालाही सोबत ओढतं. रबर लवचीक राहावं म्हणून त्यात घातलेली द्रव्यं कोटिंगच्या पातळ थरात उतरून त्यालाही मऊ करतात. ही ओढाताण रोज रात्री चाललेली होती, मी झोपलेली असताना.

हे सगळं मी का मांडून बसले होते, ते सांगायला हवं. आमच्या घराला पुढच्या दाराशी चार पायऱ्या आहेत. गॅरेजमधून घरात यायला एकही नाही. आईच्या हातात वॉकर आला, त्या दिवसापासून तिचं येणं-जाणं गॅरेजमधून सुरू झालं. ती जमीन तोपर्यंत मी नीट पाहिलीच नव्हती. रोज झाडली तरी रोज तेवढीच धूळ. बाहेरून येते असं वाटायचं. पण ती जमिनीतूनच सुटत होती. तीच साय झिजत होती. वॉकरच्या रबरी टोप्यांना लागून ती धूळ घरभर राखाडी ठिपके उमटवत जायची, आणि कोरड्या भुकटीवर त्याच टोप्या कधी कधी हातभर सरकायच्या. आई काही बोलायची नाही, फक्त थांबायची. तिचं ते थांबणं मला बघवत नव्हतं.

म्हणून पहिल्यांदा मी घाई केली. दोन डब्यांचा तयार संच आणला. शनिवारी साबणाच्या पाण्यानं जमीन धुतली, रात्रभर वाळू दिली, रविवारी दुपारी रोलर फिरवला. पाण्यावर आधारित इपॉक्सी होतं. त्यात जवळपास अर्धं पाणी असतं, ते उडून गेल्यावर उरतो तो थर केसाच्या जाडीचा. संध्याकाळी जमीन आरशासारखी चमकत होती आणि मी दारात उभी राहून खूप वेळ बघत होते. तो आनंद खरा होता. आजही मी तो खोटा ठरवणार नाही.

पोपडा हातात आल्यावर मी वाचायला लागले. इपॉक्सीचा जन्म जमिनीसाठी झालेलाच नाही. १९३०च्या दशकात पियर कास्तां हा स्विस रसायनतज्ज्ञ दातांच्या कवळीसाठी नवा पदार्थ शोधत होता. साच्यात ओतावा, घट्ट व्हावा आणि घट्ट होताना आक्रसू नये, असा. कवळी केसभर आक्रसली तरी तोंडात बसत नाही. साधारण त्याच काळात अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली रंगांच्या कामातून त्याच रेझिनपाशी पोहोचला. कास्तांचा शोध दातांच्या कामी फारसा आला नाही. सिबा कंपनीनं तो घेतला आणि १९४६ मध्ये गोंद म्हणून बाजारात आणला. त्या गोंदाचं अराल्डाइट हे नाव बहुतेक घरांतल्या खणात कधी ना कधी येऊन गेलेलं आहे.

न आक्रसण्याचा हा गुण कुठून आला, ते समजल्यावर मला या पदार्थाबद्दल आदरच वाटायला लागला. रेझिनच्या रेणूच्या टोकांना दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचं छोटं त्रिकोणी कडं असतं. तीनच अणूंचं कडं म्हणजे वाकवून ताणलेल्या तारेसारखं, सुटायला आतुर. हार्डनरमधले अमाइन नावाचे रेणू येऊन ते कडं उघडतात आणि तिथंच स्वतः जोडले जातात. हार्डनरच्या एका रेणूला असे अनेक हात, रेझिनच्या रेणूला दोन टोकं, त्यामुळे साखळी न होता जाळं होतं. यात पाणी किंवा दुसरं काही बाहेर पडत नाही. जे घातलं ते सगळं आतच राहतं, म्हणून आकसणं अगदी थोडं. एकदा जाळं विणलं की ते पुन्हा वितळत नाही. आणि म्हणूनच माप चुकवायचं नाही. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घातला तर लवकर काहीच होत नाही. ज्यांना जोडीदार मिळाला नाही ते रेणू तसेच मोकळे राहतात आणि जमीन कायमची चिकट राहते.

दुसऱ्या वेळी मी काकांना विचारल्याशिवाय एकही डबा आणला नाही.

"आधी जमिनीला विचार," ते म्हणाले. त्यांनी ४५ सेंटिमीटर लांब-रुंद प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा कापला आणि चारही कडा टेपनं जमिनीला चिकटवून टाकला. कमीत कमी १६ तास हात लावायचा नाही. असे तीन तुकडे आम्ही तीन ठिकाणी लावले. दुसऱ्या दिवशी दोन कोरडे होते. मागच्या भिंतीलगतच्या तिसऱ्याच्या आतल्या बाजूला बारीक थेंब जमले होते आणि खालचं काँक्रीट गडद दिसत होतं.

काँक्रीट दगडासारखं दिसतं, पण त्यात केसांहून बारीक नळ्यांचं जाळं असतं. खालच्या मातीतली ओल त्यातून वर येत राहते आणि हवेत उडून जाते. उघडी जमीन कोरडी वाटते, कारण आलेली ओल रोजच्या रोज जात असते. तिच्यावर झाकण घातलं की ती झाकणाखाली साठते, फोड आणते आणि थर उचलते. भिंतीच्या बाहेर जाऊन पाहिलं, तर छपराचं पाणी खाली आणणारा पाइप पायापाशीच सुटलेला होता. सगळं पाणी तिथंच मुरत होतं. कधीपासून, देव जाणे. पाइप लांबवून पाणी दूर सोडलं आणि वाट बघितली. तीन आठवडे गेले. दर रविवारी नवा तुकडा चिकटवायचा, सोमवारी बघायचा. तिसऱ्या सोमवारी तो कोरडा निघाला. इतक्या साध्या गोष्टीनं मला इतका आनंद झाला की आईला हाक मारून मी तो प्लास्टिकचा तुकडा दाखवला. "यात काहीच नाही," ती म्हणाली. तेच तर दाखवायचं होतं.

मग घासणं. आम्लानं जमीन खडबडीत करण्याची पद्धत आहे. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही, जमिनीवर ते फसफसतं, मग ते मारायला सोडा आणि मग भरपूर धुणं. काकांना ती पसंत नव्हती. आम्ल सगळीकडे सारखं लागत नाही, तेलाच्या डागाला तर शिवतही नाही, आणि एवढ्या कष्टानं कोरडी केलेली जमीन पुन्हा भिजवायची. आम्ही हिऱ्याच्या कणांचं चाक लावलेला ग्राइंडर भाड्यानं आणला. त्याला धूळ ओढणारं झाकण होतं आणि व्हॅक्यूमची नळी. काकांनी चाक बघायच्या आधी माझा मास्क बघितला. काँक्रीटच्या धुळीत वाळूतल्या सिलिकाचे कण असतात, डोळ्यांना न दिसणारे. ते फुप्फुसात बसले की बाहेर येत नाहीत आणि त्यांनी होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. "माझ्या बरोबरीचे दोघं गेले यात," एवढंच ते म्हणाले. मी मास्कची पट्टी आणखी आवळली.

त्या दोन दिवसांबद्दल मला सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं, कारण बाहेरून बघणाऱ्याला त्यात काहीच दिसणार नाही. सुरुवातीला चाक सायीवरून घसरल्यासारखं फिरतं. आवाज मऊ, धूळ पांढरी आणि खूप. मग एका क्षणी आवाज बदलतो. खरखर येते, हाताला थरथर जाणवते. चाक वाळूला लागलेलं असतं. तिथं थांबून पुढं सरकायचं. फार वेळ एका जागी धरलं तर खळगा पडतो, घाईनं ओढलं तर साय राहते. पहिल्या तासात मला आवाज कळत नव्हता, मी सारखी मशीन थांबवून हात फिरवायचे. दुपारनंतर कान आपोआप सांगायला लागला. संध्याकाळी साय गेलेल्या जमिनीवर उघडा तळवा फिरवला, तर ती ८० नंबरच्या पॉलिश पेपरसारखी लागत होती आणि वाळूचे कण वेगवेगळे दिसत होते, तांबूस, काळे, एखादा दुधी. इतकी वर्षं त्या जमिनीवर वावरले. ती कशाची बनलेली आहे ते त्या दिवशी पाहिलं.

जिथं तिथं पाण्याचे थेंब टाकून बघायचे, हेही काकांनीच शिकवलं. थेंब पसरून आत जिरला, तर जमीन प्यायला तयार आहे. तसाच गोल उभा राहिला, तर तिथं अजून काहीतरी आहे. मधोमध एका ठिकाणी थेंब उभा राहत होता. जुन्या स्कूटरच्या इंजिनातून गळणाऱ्या तेलाचा डाग. बाबांची स्कूटर. ते जाऊन नऊ वर्षं झाली, स्कूटर त्याआधीच गेली, तेल मात्र काँक्रीटमध्ये खोल उतरून बसलं होतं. तेल काढणारं द्रावण टाकून तीनदा घासलं, गरम पाण्यानं धुऊन व्हॅक्यूमनं ओढून घेतलं; वाळल्यावर थेंब पुन्हा उभा. शेवटी छिन्नीनं तेवढा भाग फोडून काढावा लागला. खालपर्यंत काळपट होता. तो खड्डा आम्ही इपॉक्सीत क्वार्ट्‌झची वाळू कालवून भरला. फोडलेले तुकडे मी टाकून दिले. एक हातात घेऊन वास घेतला. तेलाचा वास अजून येत होता.

भेगांचं काम त्यामानानं लवकर झालं. भेग रुंद करायची, आतली धूळ ओढून घ्यायची, भरायची. मात्र जमिनीत मधून गेलेली एक सरळ खाच काकांनी भरू दिली नाही. मला ती कारागिराची चूक वाटत आली होती. काँक्रीट वाळताना आक्रसतं, त्याला तडा जायचाच असतो. तो वेडावाकडा जाऊ नये, ठरवलेल्या रेषेतच जावा, म्हणून ती खाच मुद्दाम कापलेली असते. तिच्या दोन्ही बाजू थंडी-उन्हाप्रमाणे थोड्या हलत राहतात. कडक इपॉक्सीनं ती बांधून टाकली तर शेजारून नवा तडा जातो. तिच्यात शेवटी रबरासारखं लवचीक भरण घातलं.

जमीन अशी तयार होत असताना वरचा पोत कसा हवा, यावर माझा आणि आईचा वेगळाच संवाद चालू होता. मला चमक हवी होती. पहिल्या रविवारची ती आरशासारखी जमीन डोळ्यांपुढून हलत नव्हती. मी प्लायवुडचे तीन तुकडे रंगवले. एक गुळगुळीत. दुसऱ्यात वरच्या थरात अॅल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण मिसळलेले. तिसऱ्यात जाड कण. तिन्ही दारात ओळीनं ठेवले आणि वर पाणी शिंपडलं, कारण पावसात गाडीखालून ओल येणारच. मी आईच्या मागे हात धरून उभी राहिले. पहिल्यावर वॉकरचा पाय टेकवताच तो सरकला. तिनं तो उचलून बाजूला ठेवला, म्हणाली, "हे दिसायला छान आहे गं."

तिसरा अजिबात सरकत नव्हता. माझ्या मते निवड झाली. पण आई त्यावर वॉकर पुढं ढकलून बघत राहिली.

"हा धरून ठेवतो," ती म्हणाली. "मी पाय पूर्ण उचलत नाही, तुझ्या लक्षात आलं नसेल. ओढतच नेते. यावर मी पुढं जाईन आणि हा मागंच राहील."

खरंच माझ्या लक्षात आलं नव्हतं. एकाच घरात राहून, रोज तिच्यामागून चालून. दुसरा तुकडा ठरला. सरकणार नाही एवढं धरणारा, आणि उचलताना सोडणारा.

पूर्ण जमीन करायच्या आधी कपाटाखालच्या कोपऱ्यात हातरुंद जागेवर काकांनी नमुना लावायला सांगितला. चार दिवसांनी छिन्नी आणि हातोडी घेऊन ते स्वतः आले आणि त्यांनी तो फोडला. पहिल्या दोन घावांना काही झालं नाही. तिसऱ्याला एक तुकडा उडाला. त्यांनी तो न बघता माझ्याच हातात दिला. मी उलटा केला. मागे भुकटी नव्हती. वाळूचे अख्खे कण होते, आणि एक बारीक खडी, मधोमध तुटलेली. जोड तुटला नव्हता, दगड तुटला होता. मोठ्या कामांवर कोटिंगला धातूची चकती चिकटवून यंत्रानं ओढतात आणि नेमकं हेच बघतात, की शेवटी तुटलं काय. काँक्रीट तुटलं तर काम पास. तो तुकडा मी खिडकीच्या कट्ट्यावर जुन्या पोपड्याशेजारी नेऊन ठेवला.

या वेळचं इपॉक्सी पाणी किंवा थिनर नसलेलं होतं, जेवढं ओतू तेवढं राहणारं. त्याचा हिशेब मला फार आवडतो: १ लिटर माल १ चौरस मीटरवर पसरला की बरोबर १ मिलिमीटर जाडी. आमची जमीन १८ चौरस मीटर, मुख्य थर ३०० मायक्रॉनचा, म्हणजे ०.३ मिलिमीटरचा, म्हणून ५.४ लिटर. रेझिन दोन भाग, हार्डनर एक भाग. १.८ लिटरच्या तीन बादल्या, एकदम एक मोठी नाही. कारण जाळं विणलं जाताना उष्णता सुटते. बादलीत ती कोंडते, कोंडली की विणकाम आणखी वेगानं होतं, आणि उष्णता आणखी वाढते. जमिनीवर पातळ पसरलेल्या थरातून ती निघून जाते. मिसळलेला माल वापरून संपवायला डब्यावर २५ अंशाला ३५ मिनिटं लिहिलेली होती, आणि काकांचा ठोकताळा असा की १० अंश वाढले की वेळ निम्मी. डबे आदल्या रात्रीपासून घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवले.

सुरुवात दुपारी चारनंतर. सकाळी जमीन तापत जाते तशी काँक्रीटच्या छिद्रांतली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या थरात सुईच्या टोकाएवढी भोकं पाडते. संध्याकाळी जमीन निवत जाते, हवा आत ओढली जाते, सोबत मालही. जमिनीचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश वर हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणारं दव आधीच पडलेलं असतं. ते मोजलं. आदल्या संध्याकाळी पातळ प्रायमर लावला होता. काँक्रीटनं तो इतका प्यायला की काही ठिकाणी पुन्हा द्यावा लागला. मुख्य थर त्यावर चोवीस तासांच्या आत गेला पाहिजे, म्हणजे खालचा अजून पुरता मिटलेला नसतो आणि दोन्ही एकमेकांत गुंततात.

मिसळायला तीन मिनिटं, हळू फिरणाऱ्या ड्रिलनं, हवा न कोंडता. कडा खरवडायच्या. मग दुसऱ्या कोरड्या बादलीत ओतून पुन्हा ढवळायचं, कारण पहिल्या बादलीच्या भिंतीला न मिसळलेलं रेझिन चिकटून असतंच. उरलंसुरलं निथळायला बादली जमिनीवर पालथी घालायची नाही. ते चार थेंब कधीच वाळत नाहीत. हे एकेक काका सांगत होते आणि मी मागून म्हणत होते. हातात नायट्राइलचे मोजे, कारण हार्डनरची ॲलर्जी एकदा अंगाला ओळखू लागली की जन्मभर सोडत नाही. मिसळलेलं सगळं लगेच जमिनीवर लांब पट्ट्यांत ओतलं.

त्यानंतरचा तास मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतो. भिंतीच्या कडेनं ब्रश. खाचांच्या रबरी पट्टीनं माल पुढं ढकलणं. मग रोलर, आधी उभा, मग आडवा, आणि मागच्या पट्ट्याची कड ओली असतानाच पुढचा तिच्यावर चढवायचा. खिळ्यांचे बूट घालून ओल्या थरात उभं राहायचं. खिळ्यांची भोकं मागे आपोआप मिटतात. रोलर जास्त दाबायचा नाही. बोलायला वेळ नव्हता, आणि गरजही नव्हती. काका दारातून उजेडाच्या दिशेनं बघत होते. कुठं कोरडं राहिलं की नुसतं बोट दाखवायचे. पहिल्या बादलीच्या तळाशी राहिलेला अर्धा पेलाभर माल थोड्या वेळानं तापून धुरायला लागला. ती बादली आम्ही लगेच बाहेर मोकळ्यावर नेऊन ठेवली. आत पसरलेला तोच माल शांतपणे सपाट होत होता. रोलरच्या रेघा आपल्या आपण विरत होत्या.

शेवटचा पट्टा संपवून मी मागं सरकत दाराबाहेर आले तेव्हा अंधारलं होतं. आतला दिवा लावून बघितलं. मधोमध, जिथं तेलाचा डाग होता तिथंच जवळपास, एक पिवळसर पतंग येऊन बसला होता आणि त्याचे पंख थराला लागले होते. मी खिळ्यांचे बूट पुन्हा चढवायला लागले.

"राहू दे," काका म्हणाले. "आता काढायला गेलीस तर तोही वाचायचा नाही आणि जमीनही जाईल. उद्या पॉलिश पेपरनं निघेल."

दुसऱ्या दिवशी मी ओल्या फडक्यानं पूर्ण जमीन पुसली. दमट हवेत अमाइनचा मेणासारखा पातळ थर वर येतो, तो पुसला नाही तर पुढचा थर त्यावरून सुटतो. आमच्याकडे कुठं कुठं थोडा होता, निघाला. मग हलक्या हातानं सगळीकडे पॉलिश पेपर फिरवला. पतंगापाशी आल्यावर मात्र हात बाजूनं नेला. वरून बारीक कण मिसळलेला पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर दिला. नुसतं इपॉक्सी उन्हानं पिवळं पडतं आणि आमच्या दारातून सकाळचं ऊन थेट आत येतं. पतंग त्या थराखाली गेला. गुडघ्यांवर बसून बघितलं तर अजूनही त्याच्या पंखांवरच्या रेघा मोजता येतात.

चौथ्या दिवशी आई आली. दाराशी थांबून तिनं आधी वॉकरचा एक पाय टेकवला, मग दुसरा. जमिनीवर मी मुद्दाम पाणी शिंपडून ठेवलं होतं. ती चालत गेली, तिच्या पद्धतीनं, पाय ओढत. घराच्या दारापर्यंत कुठंही थांबली नाही. आत गेल्यावर तिनं वळून बघितलं ते माझ्याकडे नाही, वॉकरच्या टोप्यांकडे. त्या स्वच्छ होत्या.

गाडी मी पूर्ण सात दिवस बाहेरच ठेवली. आठव्या दिवशी मुद्दाम लांब चालवून आणली, टायर चांगले तापू दिले आणि थेट आत घेतली. रात्रभर ती तिथं थंड होत राहिली. सकाळी लवकर उठून गाडी बाहेर काढली, दिवा घेतला आणि पुढच्या डाव्या चाकाच्या जागी गुडघे टेकून बसले. टायरच्या नक्षीचा पुसट काळा ठसा होता. ओलं फडकं फिरवल्यावर तो गेला. मग मी नख लावलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेलं. ते कुठंही अडकलं नाही.